‘अजून ती वेळ आलेली नाही’ हे कोण ठरवतं?

गंभीर आजाराच्या रुग्णासाठी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करून जगणं सुसह्य करणारी सेवा, सुरू करावी का, हा विषय निघाला की पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: ‘अजून ती वेळ आलेली नाही.’ डॉक्टर म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधीकधी रुग्णही म्हणतो. मग ‘ती वेळ’ येते तेव्हा हातात जेमतेम आठवडा असतो, रुग्ण गुंगीत असतो आणि ही सेवा देणाऱ्या टीमकडे करण्यासारखं उरतं ते दोन इंजेक्शनं आणि घरच्यांचं सांत्वन. एवढ्यासाठी ही वैद्यकशाखा उभी राहिलेली नाही. किती आयुष्य उरलंय यावरून हा निर्णय घेणं मुळातच चुकीचं आहे, असं आमचं मत आहे. रुग्णाला त्रास किती आहे आणि पुढ्यात आलेले निर्णय किती अवघड आहेत, हे पाहावं. आणि हे पाहण्याचं काम कुणाच्या धाडसावर न सोडता रुग्णालयांनी ते लेखी नियमात बांधावं.

गैरसमजाचं मूळ या शाखेच्या इतिहासातच आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, ते प्रामुख्याने शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी. सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. दुखणं शरीराचं, मनाचं, नात्या-पैशांचं आणि श्रद्धेचं असं चारही बाजूंनी येतं, ही त्यांची मांडणी आजही टिकून आहे. पुढे अमेरिकेत १९८२ मध्ये मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत हॉस्पिसचा समावेश झाला, पण दोन अटींवर: आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित करायचं, आणि रुग्णाने त्या आजारावरचे बरे करण्याचे उपचार सोडायचे. या अटी विम्याच्या हिशेबापुरत्या होत्या. लोकांच्या मनात मात्र त्या वैद्यकीय नियम होऊन बसल्या. जागतिक आरोग्य संघटनेची २००२ ची व्याख्या वेगळंच सांगते: ही सेवा आजाराच्या सुरुवातीच्या काळातही, केमोथेरपी किंवा रेडिएशनसारख्या आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या जोडीने द्यायची असते, ती मृत्यूची घाई करत नाही आणि त्याला थोपवायलाही जात नाही. हॉस्पिस हा त्या सेवेचा फक्त शेवटचा तुकडा आहे.

लवकर सुरू करण्याच्या बाजूने सर्वांत जास्त दाखला दिला जातो तो २०१० च्या बोस्टनमधल्या अभ्यासाचा. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर नुकताच निदान झालेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीमच्या भेटी. दुसऱ्या गटाचं जगणं अधिक सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं. शेवटच्या काळात आक्रमक उपचार ३३ टक्क्यांना झाले, पहिल्या गटात ५४ टक्क्यांना. तरीही मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने निघालं. या शेवटच्या आकड्याचा नंतर फार गाजावाजा झाला, आणि तो थोडा आवरायला हवा. २०१६ मध्ये ४३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा त्रास कमी होणं आणि जगण्याचा दर्जा सुधारणं दिसलं. आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा ‘ही सेवा घ्या, जास्त जगाल’ असं आश्वासन कुणी देऊ नये. पण ती घेतल्याने आयुष्य कमी होतं, या भीतीलाही आधार नाही.

आता ‘वेळ’ ओळखण्याबद्दल. डॉक्टरांना ती ओळखता येते, हे गृहीतच कच्चं आहे. शिकागोतल्या हॉस्पिस रुग्णांवरचा २००० सालचा अभ्यास पाहा. ३४३ डॉक्टरांनी ४६८ रुग्णांचं उरलेलं आयुष्य सांगितलं. बरोबर म्हणावेत असे अंदाज २० टक्के निघाले. ६३ टक्के अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त होते आणि सरासरीने डॉक्टरांनी आयुष्य पाचपटीहून अधिक धरलं होतं. रुग्णाशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज अधिक चुकीचा! म्हणजे ज्यांच्यावर आपला सर्वांत जास्त भरवसा असतो, त्याच डॉक्टरांना वेळ आल्याचं सर्वांत उशिरा दिसण्याचा धोका. यात दोष माणसाचा नाही. जीव लागलेल्या रुग्णाबद्दल वाईट चिंतणं कुणालाच जमत नाही. पण ज्या मोजपट्टीत इतकी चूक निघते, तिच्यावर दार उघडायचं की बंद ठेवायचं हे का ठरवावं?

त्यात प्रत्येक आजाराची चाल निराळी. बऱ्याच कॅन्सरमध्ये माणूस बराच काळ हिंडता-फिरता राहतो आणि मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने खालावतो. हृदय निकामी होत जाणं, फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार, यकृताचा सिरॉसिस यांत तब्येत वरखाली होत राहते: दम लागून भरती, आठवड्याने घरी, पुन्हा भरती. प्रत्येक वेळी माणूस सावरतो, पण आधीच्यापेक्षा एक पायरी खालीच. कोणती भरती शेवटची, हे आधी कळत नाही, आणि मागच्या वेळी वाचला म्हणून या वेळीही वाचेल, अशी घरच्यांची खात्री असते. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) तर वर्षानुवर्षं हळूहळू झीज. आयुष्याच्या अंदाजावर सेवा द्यायची म्हटलं तर कॅन्सरच्या रुग्णाला ती निदान उशिरा तरी मिळते. हृदयाच्या आणि डिमेन्शियाच्या रुग्णांना बहुधा मिळतच नाही.

मग पाहायचं काय? चिन्हं साधी आहेत, त्यासाठी स्कॅन लागत नाही. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा अचानक भरती व्हावं लागलं. जागेपणीचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत जातो. प्रयत्न न करता वजन घटत चाललंय. सहा महिन्यांत दहा टक्के म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो. दुखणं, दम किंवा मळमळ शून्य ते दहाच्या मापावर चार किंवा त्याहून वर आहे आणि चालू औषधांनी हटत नाही. डायलिसिस, व्हेंटिलेटर, पोटात नळी, मोठी शस्त्रक्रिया यांपैकी कशाबद्दल तरी ‘करायचं की नाही’ असा पेच पडलाय. आणि एक चिन्ह जे केसपेपरवर कधीच लिहिलं जात नाही: सांभाळणारी व्यक्ती रात्ररात्र जागी आहे, तिची स्वतःची औषधं चुकताहेत. गंभीर आजारासोबत यांतलं एक जरी असेल, तर पॅलिएटिव्ह टीमची एक भेट व्हायला हवी. ‘हा रुग्ण वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारण्याची पद्धत प्रचलित आहे. कॅन्सरमध्ये ती बऱ्यापैकी चालते, इतर आजारांत कमी. पूरक म्हणून ठीक. दारावरचा पहारेकरी म्हणून नको.

पहिल्या भेटीत काय होतं हे माहीत नसल्यामुळेही लोक बिचकतात. कुणी मृत्यूवर प्रवचन देत नाही. चांगली टीम आधी त्रासांची यादी करते. कॅनडातल्या एडमंटनमध्ये तयार झालेली एक प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यात दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम, उदासी, चिंता आणि एकूण बरं वाटणं या नऊ गोष्टींना रुग्णाने स्वतः शून्य ते दहा गुण द्यायचे असतात. दर भेटीला तीच प्रश्नावली, म्हणजे उतार पडला की नाही ते आकड्यांत दिसतं. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, नुसती यादी नेऊ नये. रोज घेतल्या जाणाऱ्या डझनभर गोळ्यांपैकी काही आता निरुपयोगी झालेल्या असतात. वीस वर्षांनंतरचा धोका टाळणाऱ्या गोळ्या या टप्प्यावर फक्त मळमळ वाढवतात. पहिल्या भेटीचा अर्धा फायदा कधीकधी औषधं कमी होण्यातच असतो.

मॉर्फिनबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण निम्मे नकार त्याच्या नावानेच येतात. अशी औषधं पूर्वी न घेतलेल्या प्रौढाला तोंडावाटे साधारण २.५ ते ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, दर चार तासांनी, घड्याळ लावून. मधेच कळ उठली तर दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण एक षष्ठांश जादा द्यायची मुभा असते; दिवसाला ३० मिलिग्रॅम चालू असेल तर ५. जादा मात्रा वारंवार लागत असेल तर ती हिशेबात धरून नेहमीची मात्रा वाढवतात. घोटाळा होतो तो ‘दुखेल तेव्हा घ्या’ असं लिहून दिल्यावर. रुग्ण दुखणं असह्य होईपर्यंत थांबतो, मग एकदम मोठी मात्रा लागते, गुंगी येते, आणि ‘मॉर्फिनने झोपवून टाकलं’ असा शिक्का बसतो. दुसरा घोटाळा बद्धकोष्ठतेचा. मळमळ आणि सुस्ती बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून रेचक त्याच दिवशी सुरू करायचं असतं. ते विसरलं की पाचव्या दिवशी पोट फुगतं आणि रुग्ण स्वतःच औषध बंद करतो. तिसरा मूत्रपिंडाचा: ती अधू असतील तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठतात, गुंगी वाढते, अंगाला झटके येतात. तिथे मात्रा कमी करून अंतर वाढवायचं किंवा फेंटानिलसारखं दुसरं औषध निवडायचं. मज्जातंतूंच्या जळजळीला नुसतं मॉर्फिन पुरं पडत नाही, जोडीला गॅबापेन्टिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन लागतं. या सगळ्यात श्वास थांबण्याची भीती किती? मात्रा पायरीपायरीने वाढवली आणि गुंगीवर लक्ष ठेवलं तर फार कमी. आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो, इशारा मिळतो. दुखण्यासाठी देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन लागण्याची शक्यताही थोडी असते. पूर्वी व्यसनाचा इतिहास असेल तर ते आधीच सांगावं, औषधाची मोजदाद कडक ठेवता येते.

दम लागण्यात औषधाइतकाच साध्या उपायांचा वाटा असतो. चेहऱ्यावर येणारा छोट्या पंख्याचा झोत, पुढे वाकून टेबलावर हात टेकून बसणं, कामं तुकड्यांत वाटणं. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असताना नळीने दिलेला ऑक्सिजन नुसत्या हवेपेक्षा जास्त आराम देत नाही, हे चाचण्यांत दिसलंय. तरी सिलिंडर आणला जातो, कारण काहीतरी चालू आहे असं वाटावं लागतं.

इथे मूळ उपचार थांबत नाहीत, हे पुन्हा सांगायला हवं. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याला ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच रेडिएशन डोस बऱ्याच डोसांच्या मालिकेइतकाच आराम देतो. पुन्हा द्यावं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त, पण खेपा वाचतात. पोटातलं पाणी काढणं, अडलेल्या पित्तनलिकेत स्टेंट बसवणं, हृदयाच्या रुग्णाला लघवी वाढवणारी औषधं नीट बसवणं, हेही पॅलिएटिव्हच.

प्रत्येक उपचाराबद्दल एक प्रश्न मात्र आधी विचारून घ्यावा: हा कशासाठी आहे, बरं करायला, आयुष्य वाढवायला की त्रास कमी करायला? हा प्रश्न न विचारल्याने काय होतं ते २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्यांपैकी फुप्फुसाच्या ६९ आणि मोठ्या आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांत, केमोने आजार मुळातून बरा होण्याची शक्यता जवळपास नाही, ही समज दिसली नाही. संमतीपत्रावर सह्या सगळ्यांच्या होत्या. जोडीला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: सगळं उत्तम झालं तर काय, सगळं बिघडलं तर काय, आणि बहुधा काय होईल. ‘बहुधा’चं उत्तर देताना डॉक्टर घुटमळले, तर तेही एक उत्तर समजावं.

पेच पडतो तेव्हा दोन टोकांच्या मध्ये एक वाट असते, ती क्वचितच सुचवली जाते: मुदतीचा प्रयोग. व्हेंटिलेटर लावायचा, पण तीन ते पाच दिवसांसाठी. डायलिसिस करायचं, पण काही आठवडे. सुरू करण्याआधीच कागदावर लिहायचं की कशाला सुधारणा म्हणायचं: ऑक्सिजनची गरज कमी होणं, रक्तदाब टिकवून धरणारं औषध सुटणं, हाक मारल्यावर ओळख देणं. मुदत संपली की सगळ्यांनी बसून पाहायचं. सुधारणा असेल तर पुढे चालू. नसेल तर यंत्र काढून आरामाचे उपचार. आधी ठरवून ठेवलं नसेल तर यंत्र चालू राहतं ते कुणी ‘बंद करा’ म्हणायला तयार नसतं म्हणून. अनेक आजार असलेल्या पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत डायलिसिसने वाढणारं आयुष्य बरंच आखडतं, आणि वाढलेल्या दिवसांतले कितीतरी रुग्णालयातच जातात. तिथे डायलिसिसविना, औषधांवर नीट सांभाळणं हा खराखुरा पर्याय म्हणून मांडला गेला पाहिजे. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात पोटात घातलेली नळी आयुष्य वाढवते किंवा ठसका लागून होणारा न्यूमोनिया टाळते, असा पुरावा मिळालेला नाही. सावकाश, घासाघासाने हाताने भरवणं यासाठी माणूस आणि वेळ लागतो, म्हणून नळी सोयीची वाटते. सोय कुणाची, एवढंच विचारायचं.

आमच्या म्हणण्याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. लेखी निकषांनी आपोआप भेट ठरवली तर फरक पडतो का? अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत हे करून पाहिलं, निकाल २०२४ मध्ये आला. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर भेट होणारच, असा नियम लावल्यावर भेटींचं प्रमाण १६.६ वरून ४३.९ टक्क्यांवर गेलं आणि भेट लवकर झाली. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. खर्च वाचेल म्हणून हा नियम आणू पाहणाऱ्या व्यवस्थापनाने हे नीट वाचावं. आमच्या मते ही चांगलीच बातमी आहे, कारण ‘खाट रिकामी करायला हे आले’ हा नातेवाइकांचा संशय त्यातून काहीसा फिटतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा. २०१६ च्या एका चाचणीत, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांना अतिदक्षता विभागात पॅलिएटिव्ह तज्ज्ञांनी भेटून पुढची शक्यता समजावून सांगितली. घरच्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं नाही, उलट आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं काहीशी वाढलेली दिसली. यातून आम्ही काढतो तो अर्थ असा: अनोळखी माणसाने संकटाच्या मध्यावर येऊन फक्त भविष्य सांगणं ही पॅलिएटिव्ह केअर नव्हे. आधी रुग्णाचा त्रास कमी झाला, विश्वास बसला, की बोलणं पेलतं. म्हणजे लवकर भेटण्याच्या बाजूने हा एक मुद्दाच झाला.

तज्ज्ञ पुरेसे नाहीत, हा तिसरा आक्षेप खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५.६८ कोटी लोकांना या सेवेची गरज असते आणि गरजूंपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. सगळ्यांना तज्ज्ञांकडे पाठवणं अशक्य आहे. म्हणून वर लिहिलेली मॉर्फिनची सुरुवात, रेचक, प्रश्नावली आणि ‘हा उपचार कशासाठी’ हे संभाषण प्रत्येक फॅमिली डॉक्टरला आणि वॉर्डातल्या नर्सला आलंच पाहिजे. तज्ज्ञ टीम राखून ठेवावी ती न हटणाऱ्या दुखण्यासाठी, घरात तट पडलेल्या निर्णयांसाठी आणि लहान मुलांसाठी.

राहिला आशेचा मुद्दा. ‘त्यांना सांगू नका, धीर सोडतील,’ असं म्हणून घरचे रुग्णाला आजाराचं नाव कळू देत नाहीत. रुग्णाला बहुधा अंदाज असतोच. घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प राहतो. मग सह्या कशावर होताहेत हे त्याला कळत नाही, बँकेची कामं अडतात, भेटायचं ते भेटत नाहीत. इथे सगळं एका दमात सांगून टाकणं हाही उपाय नव्हे. ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? की हे घरातल्या कुणाशी बोलू?’ असं रुग्णालाच विचारावं. तो ‘मला नको, मुलीशी बोला’ म्हणाला, तर तोही त्याचा निर्णय आहे; तो त्याच्या वतीने दुसऱ्याने घेतलेला नसावा.

ही सेवा सगळ्यांना नको असते, आणि काहींना तिची गरजही नसते. बरा होणारा आजार, आटोक्यातला त्रास, घरी सांभाळणारी माणसं आणि मनमोकळं बोलणारा डॉक्टर असेल, तर वेगळी टीम आणून फक्त खेपा वाढतात. कुणाला शेवटपर्यंत प्रत्येक उपचार हवा असतो. सगळं समजून घेऊन तसं म्हणणाऱ्याचा आदर राखून त्याच्या दुखण्यावर औषध देता येतं. पहिल्या भेटीनंतर नको वाटलं तर नाही म्हणता आलं पाहिजे, आणि त्यामुळे मूळ उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही हे आधीच सांगितलेलं असलं पाहिजे. फक्त तो नकार कायमचा मानू नये. केसपेपरवर तारखेसह कारण लिहावं, आणि पुढची भरती किंवा तीन महिने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पुन्हा विचारावं. विचारणारा माणूस शक्यतो तोच असावा.